'बाई, मग काल आपण साहेबांना खोटं का सांगितलं?'

पत्र :

नमस्कार ताई,

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीची वर्गशिक्षिका आहे. शिक्षणसेवक म्हणून रुजू होऊन दीड वर्ष झालं. मूल्यशिक्षणाची तासिका माझ्याकडेच आहे. मागच्या महिन्यात शाळेला अधिकाऱ्यांची भेट होती. आदल्या दिवशी मुख्याध्यापक सरांनी कपाटातली गोष्टींची पुस्तकं बाहेर काढायला लावली. आम्ही ती व्हरांड्यात दोरीवर टांगली, 'वाचनकट्टा' असा फलक रंगवला आणि मुलांना सांगून ठेवलं, साहेबांनी विचारलं तर म्हणायचं, आम्ही रोज दुपारी वाचतो. मुलं धडाधड बोलली. साहेब खूश होऊन गेले. संध्याकाळी पुस्तकं कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवशी मूल्यशिक्षणाच्या तासाला मी लाकूडतोड्याची गोष्ट सांगितली आणि तात्पर्य विचारलं. सगळी एका सुरात म्हणाली, 'नेहमी खरे बोलावे.' तेवढ्यात एक मुलगी उभी राहिली. एरवी ती फार बोलत नाही. म्हणाली, 'बाई, मग काल आपण साहेबांना खोटं का सांगितलं?' वर्ग चिडीचूप झाला. मी म्हणाले, 'खाली बस. नको तिथे डोकं चालवू नकोस.' ती बसली. त्यानंतर तिने वर्गात हात वर केलेला नाही.

आता हा तास घ्यायला माझी जीभ उचलत नाही. त्या वेळात मी गणित घेते. सरांशी बोलायची हिंमत होत नाही, मला अजून कायम व्हायचं आहे. आसपासच्या शाळांचं जे केंद्र असतं, तिथले लोक म्हणतात सुविचार आणि श्लोक पाठ करून घ्या, मुलं आपोआप सुधारतील. खरं सांगा, नीती शाळेत शिकवता येते का? आणि माझ्यासारखीने ती शिकवावी का?

— सातवीची वर्गशिक्षिका

उत्तर :

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. बत्तीस वर्षं शाळेत काढली, त्यातल्या कितीतरी वर्षी भेटीच्या आदल्या दिवशी फलक मीही रंगवले आहेत. त्यामुळे हे उत्तर उंचावर बसून दिलेलं नाही.

सगळ्यात आधी त्या मुलीविषयी. महिनाभर तिने हात वर केलेला नाही, हे तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही ते लिहिलंत, म्हणून मला तुमची काळजी कमी वाटते. तिची जास्त वाटते. लाकूडतोड्याच्या गोष्टीकडे पुन्हा एकदा बघा. तो खरं बोलतो आणि घरी जाताना तीन कुऱ्हाडी घेऊन जातो. म्हणजे खरं बोललं की सोनं मिळतं. मुलं अशा हिशेबाला पक्की असतात. तुमच्या वर्गात एक मुलगी खरं बोलली, तिला सोन्याची मिळाली नाही, चांदीची मिळाली नाही आणि जवळ होती ती लोखंडाचीही गेली. हे सगळ्या वर्गाने पाहिलं. त्या दिवशीचं मूल्यशिक्षण झालं ते तिथे.

तेव्हा पहिलं काम म्हणजे तिची माफी मागायची, आणि ती वर्गासमोर. एकटीला बोलावून, गालावरून हात फिरवून भागणार नाही, कारण गप्प सगळ्यांसमोर बसवलं आहे. शब्द साधे ठेवा. 'त्या दिवशी तू विचारलेला प्रश्न बरोबर होता. आपण साहेबांना सांगितलं ते खरं नव्हतं. तुम्हाला तसं सांगायला लावण्यात मी होते. तू विचारलंस तेव्हा मला भीती वाटली, म्हणून मी तुला गप्प बसवलं. ते माझं चुकलं.' एवढं बोलून थांबा. पुढे 'पण' लावू नका. 'पण कधीकधी मोठ्यांना' असं सुरू झालं की मुलांना माफी ऐकू येत नाही, सबब ऐकू येते. तिला उभं करून टाळ्याही वाजवून घेऊ नका, ती अवघडेल. कुणी म्हणालंच, 'बाई, सरांनीच सांगितलं होतं ना?' तर म्हणा, 'मी माझ्यापुरतं बोलते आहे.' हे वाक्य खरंही आहे आणि तुम्हाला सांभाळणारंही आहे.

आणि हे करण्याच्या दिवशी सकाळी सरांच्या कानावर घाला. वर्गात झालेली गोष्ट जेवणाच्या सुट्टीपर्यंत ऑफिसात पोचते, तुम्हाला माहीत आहे. त्यांना ती तुमच्याकडून कळू दे. परवानगी मागू नका, सांगा. 'सर, एका मुलीने विचारलं होतं, मी तिला दरडावलं. आज तिच्याशी नीट बोलणार आहे, माझ्यापुरतं.' याला नाही म्हणणारा मुख्याध्यापक मी तरी पाहिलेला नाही.

गांधीजींनी आत्मचरित्रात राजकोटच्या हायस्कुलातला एक प्रसंग सांगितला आहे. पहिल्याच वर्षी जाइल्स नावाचे इन्स्पेक्टर तपासणीला आले आणि त्यांनी पाच इंग्रजी शब्द लिहायला सांगितले. 'केटल' हा शब्द मोहनने चुकीचा लिहिला. शिक्षकाने बुटाच्या टोकाने खुणावलं, शेजारच्याच्या पाटीवरून उतरव. मोहनला ते कळलंच नाही. त्याची समजूत अशी, की मास्तर उभे आहेत ते आम्ही एकमेकांचं पाहू नये म्हणून. बाकी सगळ्यांचे पाचही शब्द बरोबर आले. ही गोष्ट आपण शाळांतून सांगतो ती मोहनसाठी. मला मात्र शिक्षक झाल्यापासून त्या वर्गातल्या बाकीच्या मुलांचं काय झालं असेल, हाच प्रश्न पडत आला आहे. त्यांना खूण कळली असावी. शाळेचं नाव राखायचं तर काय करायचं असतं, हे त्या दिवशी ती मुलं शिकली असावीत, आणि शिकवणारे त्यांचे स्वतःचे मास्तर होते. तपासणी, साहेब, शाळेची अब्रू हा सगळा संसार तेव्हाही असाच होता.

आता कपाट. तुम्ही त्या मुलीची माफी मागितलीत आणि कपाटाचं कुलूप तसंच राहिलं, तर माफीचे शब्द आठवडाभरात विरून जातील. मुलांनी साहेबांना सांगितलं, आम्ही रोज वाचतो. मग ते खरं करून टाका. ही खोटी गोष्ट त्यातल्या त्यात सोपी आहे, कारण पुस्तकं शाळेत आहेत.

सर पुस्तकं कुलपात ठेवतात ते वाईट आहेत म्हणून नव्हे. डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या वस्तूंची नोंदवही, त्यांच्या सहीने आहे. उद्या चार पुस्तकं फाटली, दोन हरवली, तर लेखापरीक्षणात त्यांना विचारलं जातं, आणि बदलीच्या वेळी चार्ज देताना एकेक वस्तू मोजून द्यावी लागते. कितीतरी शाळांतली गोष्टींची पुस्तकं या भीतीपोटी कोरीच राहतात. तेव्हा सरांकडे जाताना नीतीची भाषा नेऊ नका, रजिस्टरची न्या. 'सर, चाळीस पुस्तकं माझ्या सहीने वर्गात घेते. मुलांकडून देवघेवीची वही लिहवून घेते. वापरून जीर्ण झालेल्यांची यादी वर्षअखेरीला तुमच्यापुढे ठेवते, निर्लेखनाचं, म्हणजे ती नोंदीतून कमी करण्याचं, काय ते समितीत बघू.' शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका ओळीचा ठराव झाला तर सरांच्या डोक्यावरचं ओझं आणखी उतरेल. पालकांना त्यात आक्षेपार्ह काय वाटणार?

देवघेवीची वही मुलांच्याच हातात द्या. त्या वहीतून तुम्हाला मूल्यशिक्षणाच्या तासाचा ऐवज मिळेल. पुस्तक हरवलं तर काय करायचं, फाटलेलं लपवून परत ठेवलं तर काय, ज्याच्या घरी धाकटं भावंड पानं फाडतं त्याने घरी न्यायचं की नाही, असे खरे प्रश्न येतील. लाकूडतोड्या त्यानंतर सांगा, त्याला बरीच जास्त दाद मिळेल.

तुमचा मूळ प्रश्न, नीती शिकवता येते का? राष्ट्रभक्ती, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, श्रमप्रतिष्ठा, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, नीटनेटकेपणा, वक्तशीरपणा, राष्ट्रीय एकात्मता : हा दहा मूल्यांचा तक्ता तुमच्याही भिंतीवर असेल. तक्ता वाईट नाही. पण तक्ता म्हणता येणं आणि तसं वागणं यांचा संबंध आपण समजतो तेवढा घट्ट नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेत ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या दोघांनी आठ ते सोळा वयाच्या जवळपास अकरा हजार मुलांना परीक्षेत, खेळात, पैशांच्या व्यवहारात लबाडी करण्याची संधी मिळेल असे प्रसंग घातले आणि ती काय करतात ते पाहिलं. मुलांची 'प्रामाणिक' आणि 'अप्रामाणिक' अशी सरळ वाटणी झालीच नाही. गणितात नक्कल करणारा मुलगा पैशाला हात लावत नव्हता, आणि उलटही होतं. बरं-वाईट तोंडी सांगता येण्यावरून मूल प्रत्यक्षात कसं वागेल याचा फारसा अंदाज लागत नव्हता. पकडले जाण्याची भीती किती, सोबतची मुलं काय करतात, वर्गाची रीत काय, यावर पुष्कळ ठरत होतं. मला हे वाचून धीर आला होता. मुलाचा स्वभाव घडवणं माझ्या हातात किती आहे मला माहीत नाही, पण वर्गाची रीत बरीचशी माझ्या हातात आहे.

पाठांतराबद्दल थोडक्यात सांगते. २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनाचे श्लोक आणि गीतेच्या पाठांतराचा उल्लेख आला तेव्हा मोठा वाद झाला, तुम्ही वाचलाच असेल. पाठांतराने जीभ वळते, उच्चार सुधारतात, भाषेचा गोडवा कानात राहतो. संतांच्या ओव्या आणि अभंग त्यासाठी मीही पाठ करून घेतले. त्याने मूल खरं बोलू लागतं असं मात्र एकदाही पाहिलं नाही. पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे संविधानाच्या २८ व्या कलमात आहे. ते मनात ठेवा आणि या वादात तुमची शक्ती घालवू नका.

वर्गाची रीत म्हणजे काय, ते तुमच्या शाळेत फिरून बघा. वर्ग कोण झाडतं? बहुतेक शाळांत मुली. पाहुणे आले की रांगोळी, औक्षणाचं ताट आणि स्वागतगीत कुणाकडे जातं, आणि आभार मानायला माईकपाशी कोण उभं राहतं? खिचडीच्या रांगेत पुढे कोण असतं आणि शेवटी तळ खरवडून कुणाला मिळतं? शिक्षकांच्या चहाचे कप रोज कोणत्या मुलांना धुवायला सांगितले जातात, आणि नेमकं त्यांनाच का? हा शेवटचा प्रश्न स्वतःला विचाराल तेव्हा त्या मुलांची आडनावंही आठवून बघा. मला तो प्रश्न नोकरीच्या अकराव्या वर्षी पडला. त्याआधीची दहा वर्षं 'सारे भारतीय माझे बांधव आहेत' मी रोज म्हणून घेत होते.

आठवड्यातून एकदा त्या तासाला वर्गसभा घ्या. गोल बसा, तुम्हीही खाली बसा. एका वेळी एकच प्रश्न, आणि तो तुमच्याच वर्गातला. झाडण्याच्या पाळ्या कशा लावायच्या, यावर सातवीची मुलं चाळीस मिनिटं भांडू शकतात आणि शेवटी तुमच्यापेक्षा बरी व्यवस्था काढतात. ठरेल ते मुलांनीच फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचं. पुढच्या आठवड्यात ते पाळलं गेलं का, हे पाहायचं. त्यात तुमचं नावही असू दे. तास सुरू झाल्यावर मोबाइल वाजला तर बाईंनी काय करायचं, हेही मुलांना ठरवू दे. एक पथ्य मात्र कडक पाळा, वर्गसभेचं न्यायालय होऊ देऊ नका. 'अमक्याने माझं पेन चोरलं' हा विषय सभेत घ्यायचा नाही. गरीब घरचं किंवा एकटं पडलेलं मूल तिथे सहज आरोपी होतं, आणि एकदा बसलेला शिक्का दहावीपर्यंत पुसला जात नाही.

बक्षिसांपासूनही जपा, हे मी अनुभवाने सांगते. माझ्या शाळेत सापडलेली वस्तू आणून दिली की परिपाठात नाव घ्यायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, असा प्रघात मी सुरू केला होता. पहिले दोन महिने छान गेले. चौथीतला एक मुलगा आठवड्यात तीनदा पाच रुपयांचं नाणं आणून देऊ लागला. प्रत्येक वेळी टाळ्या. मग एक दिवस त्याची आई आली. दूध विकून आलेले पैसे डब्यातून कमी होत होते. मुलगा घरचे पैसे चोरून शाळेत 'सापडवत' होता. आठवडाभर त्याला घरी मार बसला. त्याला एवढ्या टाळ्या आयुष्यात कशालाच मिळाल्या नव्हत्या, हे मला कळायला हवं होतं. प्रघात मी बंद केला. त्यानंतर सापडलेली वस्तू खिडकीत ठेवायची आणि ज्याची असेल त्याने न्यायची, एवढंच ठेवलं. वस्तू येत राहिल्या.

तसंच खरं बोलण्याची किंमत कमी करा. गृहपाठ झाला नाही असं मूल कबूल करतं तेव्हा वर्गात काय होतं? शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मारायला आणि मानसिक छळ करायला बंदी आहे, तरी टोमणा आहेच, बाहेर उभं करणं आहेच. 'वही घरी राहिली' असं म्हटलं की मात्र सुटका. अशा वर्गात हुशार मूल 'वही घरी राहिली' हेच म्हणणार. माझ्या वर्गात शेवटची काही वर्षं एक नियम होता. झालं नाही तर 'झालं नाही' म्हणायचं, कारण कुणी विचारणार नाही, मधल्या सुट्टीत माझ्याजवळ बसून दहा मिनिटांत जमेल तेवढं करायचं. थोडी मुलं त्याचा गैरफायदा घेत. तो सोसला. घरी राहिलेल्या वह्या मात्र दिसेनाशा झाल्या.

आणि शेवटी तुमच्या मनात खुपणारा प्रश्न, माझ्यासारखीने हे शिकवावं का. अनेक शाळांच्या परिपाठात 'खरा तो एकचि धर्म' म्हणतात. ती प्रार्थना लिहिणारे साने गुरुजी १९२४ पासून सहा वर्षं अमळनेरला शिक्षक होते आणि तिथलं छात्रालय सांभाळत होते. मुलं शाळेत गेली की त्यांच्या खोल्या ते झाडून ठेवत, पसरलेलं सामान लावून ठेवत. परत आल्यावर मुलं ओशाळत आणि हळूहळू स्वतःच आवरू लागत. उपदेशाचा शब्द लागत नसे. पण तुम्ही गुरुजी व्हावं असं मी सांगणार नाही. ते छात्रालयातच राहात, संसार नव्हता. तुम्हाला घर आहे, ऑनलाइन माहिती भरायची आहे, निवडणुकीची कामं आहेत. वर्षअखेरीच्या वर्णनात्मक नोंदी आपल्यापैकी कितीजण तयार पीडीएफवरून उतरवून काढतात, हेही मला माहीत आहे. निष्कलंक माणूस शोधत बसलं तर हा तास घ्यायला कुणीच मिळणार नाही. मुलांना वर्गात चुकणारी आणि चूक कबूल करणारी मोठी व्यक्ती फार क्वचित बघायला मिळते. तुम्ही ती होऊ शकता, कारण तुम्हाला महिनाभर झोप नीट लागलेली नाही.

नोकरीचं भय खोटं नाही. शिक्षणसेवकाची तीन वर्षं पुरी होईपर्यंत माणूस जपूनच चालतो, चालावं. म्हणून साहेबांकडे तक्रार करा, सरांना उघडं पाडा, असलं काही मी सांगणार नाही. त्याने पुस्तकं बाहेर येणार नाहीत, तुमची बदली मात्र होईल. एक रेघ तेवढी स्वतःसाठी ओढून घ्या. पुढच्या भेटीच्या वेळी फलक रंगवा, पताका लावा, शाळा नटवा, त्यात खोटं काही नाही. मुलांच्या तोंडी खोटं वाक्य तुम्ही घालायचं नाही. सरांनी सांगितलंच, तर नम्रपणे म्हणा, 'सर, माझी मुलं पढवलेलं विसरतात आणि साहेबांसमोर फजिती होते. जे करतात तेच सांगू दे ना.' तोवर ती खरोखर वाचत असतील, तर प्रश्नच मिटतो.

गणिताचा तास गणिताला द्या आणि हा तास परत घ्या. सहामाही परीक्षा, दिवाळीची सुट्टी यांची वाट बघू नका. महिना झालाच आहे. मुलगी बारा-तेरा वर्षांची आहे, या वयात एकदा आत घेतलेला हात लवकर बाहेर येत नाही. माफी मागितल्यावर ती कदाचित काहीच बोलणार नाही, मान खाली घालून बसेल. तिला बोलतं करायला जाऊ नका. देवघेवीची वही पहिल्यांदा कुणाच्या हातात द्यायची हे ठरवताना तिचं नाव तुमच्या मनात येईल. तिने हो म्हटलं तरच द्या.

कपाटाची किल्ली आता कुठे टांगली आहे, ते मला कळवा.

तुमची,
ताई